टीडीएस मीटरला काय कळतं?

हुबळी-धारवाडात घरी फिल्टर विकायला आलेला माणूस आधी खिशातून टीडीएस मीटर काढतो. बोअरच्या पाण्यात बुडवला की आकडा चढतो आणि घरातली मंडळी घाबरतात. आकडा जितका कमी तितकं पाणी शुद्ध, हा समज असा घरात शिरतो.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण; पण मीटर मोजतो ती पाण्याची विद्युतवाहकता. निव्वळ पाण्यातून वीज जेमतेमच वाहते. ती वाहते विरघळलेल्या क्षारांमुळे. आणि क्षार विरघळवणं हा तर पाण्याचा स्वभावच. त्याच्या रेणूतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, म्हणून ते टोक किंचित ऋण आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन होते. अशा रेणूंनी घेरलं की मिठाचा खडा सुटा होतो. रक्तातून सोडियम-पोटॅशियम पेशींपर्यंत पोचतात आणि पिकाची मुळं मातीतून नायट्रेट घेतात, ती याच गुणामुळे. बोअरचं पाणी जड होण्यामागेही तोच गुण आहे. मुरणारं पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि खडकातून कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत आणतं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो. पण हे क्षार म्हणजे विष नव्हे. भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. मूतखड्याचं खापरही जड पाण्यावर फोडतात. पाणी कमी पिणं हे त्याहून कितीतरी मोठं कारण.

मीटरला जंतू मात्र दिसतच नाहीत, आणि खरी गोम इथेच आहे. हुबळी-धारवाडला येणारं मलप्रभा नदीचं पाणी अम्मिनभावीच्या केंद्रात शुद्ध होऊन निघतं. पण नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे मधल्या काळात पाइप रिकामे राहतात, दाब उतरतो आणि गळतीच्या फटींतून बाहेरची घाण आत ओढली जाते. २००८ पासून इथल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या नळांचं पाणी तपासलं, तेव्हा दिवसांआड येणाऱ्या पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू कितीतरी अधिक वेळा सापडला. अशा पाण्याचा टीडीएस अगदी छान असू शकतो!

‘मग उकळलं की झालं’ हेही अर्धंच खरं. धारवाड समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी १०० नव्हे, ९७-९८ अंशांनाच उकळतं. जंतू मारायला तेवढं पुरतं. शिवाय जड पाण्यातला थोडा कॅल्शियम पांढऱ्या थराच्या रूपात भांड्याला चिकटतो. फ्लोराइड मात्र उकळून जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतच जातं. शेजारच्या गदग जिल्ह्यात मुंडरगी भागातल्या बोअरना फ्लोराइडचाच त्रास आहे. तिथे आरओ फिल्टर खरोखर कामाचा.