काटा थांबतो तेव्हा

तीन महिने नेमाने चालून वजन ८० किलोवरून ७२ वर येते आणि तिथेच अडकते. यालाच वजनाची स्थिरावस्था (तोच आहार, तोच व्यायाम, पण वजन तेच) म्हणतात. अनेकजण नेमके इथेच चालणे सोडतात, आणि मनाला लागते ते मला समजते.

कापसाने भरलेली बंडी अकोल्याच्या जिनिंगवर रिकामी झाली, की परतीच्या वाटेवर बैलांना कमी ताकद लागते. हलक्या शरीराचेही तसेच. तेवढेच अंतर चालायला त्याला कमी उष्मांक (अन्नातून मिळणारी ऊर्जा) पुरतात. खाणे आणि खर्च बरोबरीला आले, की काटा थांबतो. म्हणजे ही थांबलेली अवस्था आधीच्या मेहनतीमुळेच येते. तिला अपयश म्हणणे चूक आहे.

सुरुवातीची झपाट्याची घटही फसवी असते. ग्लायकोजेन (यकृत व स्नायूंतली साठवणीची साखर) आपल्यासोबत सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवते. पहिल्या आठवड्यांत बरेचसे तेच जाते.

वऱ्हाडात काटा थांबण्याचे आणखी एक कारण असते. एप्रिल-मेमध्ये अमरावतीचा पारा ४२ अंशांपुढे जातो, फिरणे आपोआप आखडते आणि लग्नांच्या पंगती वाढतात. अशा वेळी पहाटे लवकर निघावे, कंबर टेपने मोजावी. काटा स्थिर असतानाही कंबर उतरू शकते. मधुमेहाची औषधे सुरू असतील, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.