संख्यांची साक्ष (लेखांक नववा): दौलताबादच्या टंक्याचे वजन

इ. स. 1327 च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस, आणिली, आणि पुढे दोन-तीन वर्षांतच, चांदीच्या टंक्याच्या मोलाने तांब्या-पितळेचा टंका चालवावा, असे फर्मान काढिले. त्या सांकेतिक नाण्यांपैकी काहींवर 'तख्तगाह दौलताबाद' अशी टाकसाळीची अक्षरे आजही वाचावयास मिळतात. या टाकसाळीतून निघणाऱ्या टंक्याचे सरासरी वजन 9 ग्रॅम होते, असा दावा कोणी केला, तर त्याची परीक्षा कशी करावयाची? सारे टंके आपणांपाशी नाहीत. आणि हाती असलेल्यांपैकी एखादा 8.5 ग्रॅम भरला एवढ्यावरून दावा खोटा ठरत नाही, कारण हाताने पाडलेल्या नाण्यांत तेवढे कमीजास्त असावयाचेच.

गेल्या लेखांकातील प्रमाण विचलन, म्हणजे सुटी नाणी सरासरीपासून साधारणपणे किती दूर पडतात याचे माप, येथे उपयोगी पडते. समजा, 25 टंके तोलले, त्यांची सरासरी 8.84 ग्रॅम आली आणि विचलन 0.4 ग्रॅम निघाले (आकडे केवळ उदाहरणादाखल). सुटे नाणे जितके भरकटते तितकी पंचवीस नाण्यांची सरासरी भरकटत नाही. तिचे विचलन काढण्यास 0.4 ला 25 च्या वर्गमुळाने, म्हणजे 5 ने, भागावयाचे, उत्तर 0.08. दाव्यातील 9 आणि आपली 8.84 यांत अंतर 0.16, म्हणजे या मापाच्या बरोबर दुप्पट. डब्लिनच्या गिनेस कारखान्यात, जेथे बिअर गाळीत, तेथे नोकरीस असलेल्या गॉसेट यांनी 1908 साली 'स्टुडंट' या टोपणनावाने लहान नमुन्यांचा जो हिशेब मांडला, त्यावरून सिद्ध झालेल्या कोष्टकात 25 नगांसाठी, खरा दावा चुकून फेटाळला जाण्याची शेकडा पाचाची जोखीम पत्करून, 2.06 पट अंतर मागितले आहे. दावा थोडक्यात बचावला! हेच आकडे 100 टंक्यांवरून आले असते, तर अंतर चौपट ठरून तो फेटाळावाच लागता. मात्र बचावलेला दावा सिद्ध झाला असे कोणी समजू नये. दावेदाराने 9 च्या जागी 8.9 म्हटले असते, तरी तोही याच नाण्यांपुढे सुखरूप सुटला असता.

आणि फेटाळला गेला, तरी दोष टाकसाळीवर ठेवण्याची घाई का करावी? गोमंतकीय गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी, फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत असताना, तक्षशिलेच्या आहत नाण्यांच्या वजनांचा याच शास्त्राने विचार केला, आणि चलनात फिरता फिरता नाणी झिजून त्यांची सरासरी घटते, तसे त्यांचे विचलनही वाढत जाते, या गोष्टीकडे लक्ष वेधिले. तेव्हा आपण तोलतो ते वजन टाकसाळीचे की शेकडो हातांतून झिजून उरलेले, हे आधी ठरवावे लागते. शिवाय जड नाणी वेचून ठेवण्याची सराफाची सवय जुनी. त्याच्या थैलीतला नमुना निःपक्षपाती कसा म्हणावा?

तुघलकाच्या टंक्यांपुढे तर आणखी एक अडचण आहे. त्या काळचा इतिहासकार बरनी याच्या लिहिण्याप्रमाणे त्या काळी घरोघर टाकसाळी झाल्या, आणि अखेर सुलतानास खजिन्यातून खरे चलन देऊन ते टंके परत घ्यावे लागले. बनावट टंके काही जड, काही हलके निघाले, तर त्यांची सरासरी 9 च्या जवळपास राहूही शकेल. सरासरीची परीक्षा त्यांना बिनदिक्कत सोडून देईल. तेथे तपासावयाचे ते विचलन, आणि दोन विचलनांची तुलना हा पुढील लेखांकाचा विषय आहे.