आजोबांना न लाभलेली जर्सी

आपल्या खेड्यांत सायकल म्हणजे घरातील एक माणूसच. दूध डेअरीवर पोहोचवायचे असो, गिरणीतून दळण आणायचे असो, की पहाटेच्या मिस्सेला वेळेवर हजर व्हायचे असो, ती कधी नाही म्हणत नसे. आता फटफटीने तिची जागा पुष्कळशी घेतली आहे. तरी वडिलांच्या मोठ्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून, गुडघे फोडून घेत जो मुलगा ती चालवावयास शिकला, तो ते दिवस जन्मभर विसरत नाही. वडिलांनी मुलाला शिकविलेली ही पहिली विद्या. त्या विद्येचा वारसा एका घराण्यात तीन पिढ्या कसा चालला, त्याची हकीगत आज वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. हकीगत परदेशची आहे. पण तिच्यातील सुखदुःखे आपल्या ओट्यावरचीच आहेत.

रेमों पूलिदोर यांचा जन्म 15 एप्रिल 1936 रोजी मध्य फ्रान्समधील क्रेझ या डोंगराळ प्रदेशात झाला. आईवडील दुसऱ्याची जमीन वाट्याने करीत. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि मुलगा शेतावर राबू लागला. मिळेल त्या वेळात तो सायकल पळवी. पुढे सक्तीची लष्करी नोकरी संपवून तो व्यवसायाने सायकलपटू झाला, आणि 1961 साली इटलीतील मिलान ते सान रेमो ही प्रख्यात शर्यत त्याने जिंकली. शेतकऱ्याचे पोर देशाच्या डोळ्यांत भरले.

फ्रान्समध्ये 1903 सालापासून उन्हाळ्यात ‘तूर द फ्रान्स’ नावाची सुमारे तीन आठवड्यांची शर्यत होते. रोज एक टप्पा असतो, आणि एकूण वेळ ज्याला सर्वांत कमी लागला, त्याच्या अंगावर पिवळी जर्सी चढते. ही प्रथा 1919 सालची. शर्यत भरविणारे वृत्तपत्र पिवळ्या कागदावर छापले जाई, त्यावरून हा रंग आला. ती जर्सी एक दिवस अंगावर घालावयास मिळाली, तरी सायकलपटू स्वतःला धन्य मानतो.

पूलिदोर या शर्यतीत 1962 ते 1976 या काळात चौदा वेळा उतरले. तीनदा दुसरे आले, पाचदा तिसरे आले. परंतु पहिले कधीच आले नाहीत. इतकेच नव्हे, तर ती पिवळी जर्सी त्यांना एका दिवसापुरतीही लाभली नाही.

1964 सालची त्यांची कथा ऐकण्यासारखी आहे. प्रतिस्पर्धी होते झाक आंकतील. चार वेळा ही शर्यत जिंकलेला, थंड डोक्याचा, हिशेबी खेळाडू. मोनाकोच्या टप्प्यात अखेरच्या रिंगणात एक फेरी शिल्लक असतानाच, शर्यत संपली असे समजून पूलिदोर यांनी सर्व बळ खर्च केले. आंकतील यांनी मोजणी चुकविली नव्हती. टप्पा त्यांनी जिंकला आणि विजेत्याला मिळणारी एका मिनिटाची सूटही मिळविली. पुढे तुलूझच्या वाटेवर पूलिदोर यांच्या चाकाच्या ताराच तुटल्या; दुसऱ्या सायकलीवर बसवून मदतनिसाने त्यांना जोराने ढकलले, तर ते रस्त्यावर आपटले. त्यानंतर 12 जुलै रोजी प्वी द दोम या निद्रिस्त ज्वालामुखीच्या चढणीवर दोघे खांद्याला खांदा घासून चढले. शेवटच्या भागात पूलिदोर पुढे निसटले. पण जर्सी चौदा सेकंदांनी दूर राहिली. पॅरिसला शर्यत संपली तेव्हा अंतर होते अवघे 55 सेकंदांचे. मोनाकोचे ते एक मिनिट ज्याला आठवते, त्याला यावर अधिक काही सांगावयास नको.

आंकतील निवृत्त होण्याच्या सुमारास बेल्जियमचा एडी मर्क्स पुढे आला, आणि त्यानेही ही शर्यत पाच वेळा जिंकली. एका बाजूस आंकतील, दुसऱ्या बाजूस मर्क्स. पूलिदोर यांचे सारे आयुष्य या दोन पर्वतांच्या मधल्या खिंडीत गेले. तरीही 1974 साली अडतिसाव्या वर्षी ते मर्क्सच्या मागोमाग दुसरे आले, आणि 1976 साली चाळिसाव्या वर्षी तिसरे आले.

नवलाची गोष्ट पुढेच आहे. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतील लोकांनी प्रेम केले ते विजेत्यावर नव्हे, तर या हरणाऱ्यावर. लाडाने ते त्यांना ‘पूपू’ म्हणत. दर वर्षी पडावे, कपाळाला हात न लावता उठावे आणि पुन्हा चढणीला लागावे, हे शेतकऱ्याला आपलेसे वाटले यात आश्चर्य ते काय? अवर्षण असो की अतिवृष्टी, पुढच्या वर्षी पेरणी करावीच लागते. पूलिदोर यांनी मनात कटुताही धरली नाही. ज्यांच्याशी एवढी चुरस झाली, त्या आंकतील यांच्याशी शर्यती संपल्यावर त्यांची मैत्री जडली, आणि 1987 साली कर्करोगाने आंकतील यांचे निधन होईपर्यंत ती टिकली. बांधाच्या एका हातासाठी सख्ख्या भावाशी तीस-तीस वर्षे न बोलणाऱ्या आपल्यांतील काहींनी या मैत्रीचा विचार अवश्य करावा.

आता दुसरी पिढी. पूलिदोर यांच्या कन्येचा विवाह आद्री व्हान देर पूल या डच सायकलपटूशी झाला. 1984 साली आद्री यांनी एक दिवस पिवळी जर्सी परिधान केली होती. 1986 साली त्यांनी बेल्जियममधील फ्लँडर्सची शर्यत जिंकली, आणि 1996 साली चिखलमातीतून धावणाऱ्या सायकलींच्या शर्यतीत ते जगज्जेते झाले. त्यांची दोन्ही मुले सायकलपटूच झाली. त्यांतील धाकटा मॅथ्यू, जन्म 1995 चा, पित्याप्रमाणेच प्रथम चिखलाच्या शर्यतींत चमकला, आणि 2015 साली वयाच्या विसाव्या वर्षी त्या प्रकारात जगज्जेता झाला. 2020 साली त्याने फ्लँडर्सची शर्यत जिंकली. पिता आणि पुत्र, चौतीस वर्षांच्या अंतराने, त्याच शर्यतीचे विजेते.

आजोबा उतारवयातही दर उन्हाळ्यात ‘तूर द फ्रान्स’च्या मार्गावर दिसत. पिवळ्या जर्सीला आश्रय देणाऱ्या बँकेचे ते प्रतिनिधी होते, आणि म्हणून बँकेचा पिवळा सदरा घालून लोकांना भेटत. ज्याला पिवळी जर्सी मिळाली नाही, त्याने पिवळ्या सदऱ्यात हसतमुखाने उभे राहावे, ही थट्टा त्यांनी किती मोठ्या मनाने सोसली! 13 नोव्हेंबर 2019 रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. नातू तोवर ‘तूर द फ्रान्स’मध्ये एकदाही उतरला नव्हता.

तो उतरला 2021 साली. प्रारंभी त्याच्या संघाने आजोबांच्या जुन्या संघासारखी जांभळी-पिवळी जर्सी घालून त्यांचे स्मरण केले. दुसरा टप्पा 27 जून रोजी, रविवारी, ब्रिटनी प्रांतातील म्यूर-द-ब्रतान्य या चढणीवर संपणार होता. ती चढण दोनदा चढावयाची होती. मॅथ्यूने हिशेब अचूक केला. पहिल्याच वेळी पुढे झेपावून त्याने काही सेकंदांची सूट पदरात पाडून घेतली, दुसऱ्या वेळी टप्पा जिंकला, आणि पिवळी जर्सी त्याची झाली. रेषा ओलांडताना त्याने बोट आकाशाकडे केले, आणि मग तो ढसाढसा रडला. ती जर्सी सहा दिवस त्याच्या अंगावर राहिली. पुढे 2023 साली मिलान ते सान रेमो ही शर्यतही त्याने जिंकली. आजोबांच्या विजयास तेव्हा बासष्ट वर्षे झाली होती.

वाचकहो, या हकीगतीतून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की, या घराण्याचा वारसा मुलीकडून चालला. नातवाचे आडनाव पूलिदोर नाही. ‘वंशाचा दिवा’ म्हणून मुलाची वाट पाहणाऱ्या आणि मुलगी झाली की मान खाली घालणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे. देव आपली देणगी कोणत्या ओंजळीतून पुढे देईल, हे ठरविणारे आपण कोण?

दुसरी गोष्ट आईबापांसाठी आहे. आपल्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छांचे ओझे आपण मुलांच्या पाठीवर लादतो. मी शिकलो नाही म्हणून तू शिकलेच पाहिजेस, मी हरलो म्हणून तू जिंकलेच पाहिजेस! परीक्षेत नापास झालेले मूल मग घरी येण्यास भिते, आणि कधी कधी घडू नये ते घडते. मुलांना आपला पराभव फेडावयास लावू नये. ज्या कामात आपल्याला आनंद वाटला, तो आनंद त्यांना द्यावा. तसेच, हरल्यावर बाप कसा वागतो, हे मूल पाहत असते. तो शिव्याशाप देत दारूच्या गुत्त्याकडे वळतो, की हातपाय धुऊन सर्वांबरोबर जपमाळेला बसतो? मुलाला पहिला वारसा तेथे मिळतो. जमिनीचा उतारा त्याच्या मागून.

संत पौलाने ख्रिस्ती जीवनाला धावण्याच्या शर्यतीची उपमा दिली, ती उगीच नव्हे. या शर्यतीत दुसरा आलेला कोणी रिकाम्या हाताने परत जात नाही. मात्र शेवटची फेरी होईपर्यंत धावले पाहिजे. इटलीतील कोमो सरोवराजवळ, गिझालोच्या डोंगरावर, पवित्र मारियेचे एक लहानसे मंदिर आहे. तेथील धर्मगुरूंच्या विनंतीवरून पोप पायस बारावे यांनी 1949 साली गिझालोच्या मातेला सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. भिंतींवर नामवंत विजेत्यांच्या सायकली टांगलेल्या आहेत. आपल्या पडवीत गंजत पडलेली आजोबांची सायकल तिला कमी प्रिय असेल, असे मला वाटत नाही.

येत्या रविवारी मिस्सेनंतर ती सायकल बाहेर काढा, साखळीला तेल द्या आणि नातवाला, तसेच नातीलाही, सीटवर बसवा. मागून धरा, आणि तोल सावरला की हळूच हात सोडा.