विचाराल तसं उत्तर

मुरुडजवळ राजपुरीच्या धक्क्यावर जंजिऱ्याच्या होडीसाठी थांबलेल्या पर्यटकापुढे समजा एका पाहणीत कार्डांवर दोन पर्याय ठेवले: स्वच्छ किनारा आणि जास्त शुल्क, किंवा नुसती स्वच्छतागृहं आणि कमी शुल्क. कार्डांवरचे आकडे २० ते १०० रुपये ठेवले की २०० ते १०००, यावर त्याला रास्त वाटणारी रक्कम सरकू शकते. ‘दोन्ही नको, आहे तसंच राहू दे’ हा रकाना गाळला, तर नाइलाजाने केलेली खूणही पसंती म्हणून मोजली जाते, आणि ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते. शिवाय पैसे खरोखर मोजायचे नसले, की हात सढळ होतो. म्हणूनच १९८९च्या एक्सॉन वाल्डेझ तेलगळतीनंतर अमेरिकेत अशा पाहण्या तपासायला नेमलेल्या अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरो आणि रॉबर्ट सोलो यांच्या समितीने १९९३मध्ये सुचवलं, की ‘किती द्याल?’ऐवजी ठरावीक रकमेवर हो-नाही विचारा आणि खर्चाच्या मर्यादेची आठवण करून द्या.

मग अशा पाहण्या हव्यातच कशाला, असं कुणी म्हणेल. पण मुरुडच्या किनाऱ्याला बाजारभाव नाही. विचारलंच नाही, तर विकासाच्या हिशेबात त्याची किंमत शून्य धरली जाते. तेव्हा पाहणी जरूर व्हावी, मात्र निष्कर्षाबरोबर प्रश्नावलीही मागून घ्या.