जुन्या मोटारीची ४०२ मीटरची परीक्षा

सरळ धावपट्टीवर दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात, समोरच्या खांबावरील हिरवा दिवा लागतो आणि पाव मैलाची, म्हणजेच सुमारे ४०२ मीटरची धाव सुरू होते. ड्रॅग रेसिंगचे स्वरूप इतके साधे आहे. अमेरिकेत १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची स्थापना झाली आणि या खेळाला नियमांची चौकट लाभली. भारतात अशा शर्यतींसाठी विमानांच्या धावपट्ट्यांचाही आधार घेतला गेला असून लोणावळ्याजवळील अ‍ॅम्बी व्हॅलीची धावपट्टी हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

या शर्यतींत नव्या, महागड्या मोटारींबरोबर जुन्या कौटुंबिक मोटारीही उतरतात. २००० सालाच्या सुमारास आलेली होंडा सिटी व्हीटेक ही त्यांपैकी हौशी चालकांची विशेष आवडती. दीड लिटरचे इंजिन, १०६ अश्वशक्ती आणि सुमारे एक टन वजन, हे गणित त्या काळी दुर्मीळ होते. मात्र अशी मोटार हाती येताच इंजिनाची शक्ती वाढवण्याची घाई केली जाते आणि चूक नेमकी येथेच होते.

मोटार झेप घेते तेव्हा तिचे वजन मागच्या चाकांकडे सरकते. सिटीसारख्या मोटारीत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते. म्हणजे ज्या चाकांनी ओढायचे, नेमकी तीच हलकी होतात. शक्ती वाढवली आणि पकड तेवढीच राहिली, तर चाके जागच्या जागी फिरतात, धूर निघतो आणि वेळ वाया जातो. म्हणून जाणकार तयारीची सुरुवात टायरपासून करतात. रबर वयानुसार कडक होते. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार अंकांतील पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दर्शवतात. नक्षी शाबूत दिसणारा टायरही या अंकांमुळे बाद ठरू शकतो. त्यानंतर क्लच आणि दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणारे मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल यांचा क्रम लागतो. मागचे आसन किंवा सुटे चाक काढून वजन घटवणे हा तर जवळपास फुकटचा उपाय होय.

इंजिनाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजणे अगत्याचे असते. वीस वर्षे चाललेल्या इंजिनात तो असमान आढळला, तर टर्बोचार्जर बसवणे म्हणजे मोडकळीस आलेल्या घरावर मजला चढवणे ठरेल. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एका भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते. पूर्ण शक्ती घेताना मिश्रणात पेट्रोल याहून थोडे अधिक ठेवले जाते. टर्बोने हवा वाढली, पण जुना पंप त्या प्रमाणात पेट्रोल देऊ शकला नाही, तर ज्वलनकक्षातील तापमान वाढते, अकाली स्फोट होऊ लागतात आणि काही क्षणांत पिस्टन वितळू शकतो.

वेग वाढला की थांबण्याचा प्रश्न येतो. ताशी १०० किलोमीटरऐवजी १४० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारीची गतिज ऊर्जा जवळपास दुप्पट असते आणि ती सर्व ब्रेकनाच शोषावी लागते. त्यामुळे जुने ब्रेक पाइप आणि ब्रेक ऑइल बदलण्यास पर्याय नाही. पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून कमी वेळात कापणाऱ्या जुन्या मोटारींना अमेरिकी संघटनेच्या नियमांनुसार चालकाभोवती पोलादी रोल बार आवश्यक असतो, तर १० सेकंदांच्या आतील मोटारींना पूर्ण पिंजरा.

भारतात यापुढचा प्रश्न कायद्याचा आहे. उत्पादकाने ठरवलेले मूळ स्वरूप बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. रात्रीच्या मोकळ्या महामार्गावर 'एकदा पाहू या' म्हणून निघणारे हे सोयीस्करपणे विसरतात; तेथे ना रोल बारची सक्ती असते, ना रुग्णवाहिका उभी असते, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वारास शर्यतीची कल्पनाही नसते.

शर्यतीसाठी सजवलेली मोटार त्यामुळे ट्रकवर किंवा ट्रेलरवर चढवूनच धावपट्टीपर्यंत नेणे इष्ट. तेथे झालेल्या नुकसानीचा भार मात्र मालकालाच सोसावा लागतो, कारण नेहमीच्या वाहन विमा पॉलिसीतून संघटित शर्यती आणि वेगचाचण्या वगळलेल्या असतात.