मांजर असलेल्या घरात कुंडीत काय लावावे?



लागण, खोडवा, खत आणि पाणी हे आपले नेहमीचे विषय. आज थोडा वेगळा, पण घरातलाच विषय घेत आहोत. जुन्या वाड्यांच्या जागी स्लॅबची घरे झाली, ओटा जाऊन पोर्च आला आणि पोर्चमध्ये नर्सरीतल्या कुंड्या आल्या. ही चांगली गोष्ट आहे. पण त्याच घरात धान्याच्या पोत्यांची राखण करणारं मांजरही असतं. ते नसेल तर उंदीर-घुशी काय करतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून कुंडी आणताना एक प्रश्न स्वतःला विचारावा: याचं पान मांजरानं चावलं तर काय होईल?

मांजर पाला खातं का?

मांजर मांसाहारी खरं, पण गवताची पाती चावायची त्याला सवय असते. त्यातून ते दिवसभर अंग चाटतं. फुलाला घासून गेलं की अंगावर पडलेले पराग चाटण्यातून पोटात जातात. म्हणजे झाड खाल्लंच पाहिजे असं नाही, नुसता स्पर्शही पुरतो. शिवाय मांजराचं यकृत माणसासारखं चालत नाही. आपण तापावर घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. तेव्हा "आपल्याला चालतं ते त्याला चालेल" हा हिशोब इथे लागू पडत नाही.

सगळ्यात मोठा धोका पुष्पगुच्छात

गळीत हंगामाचा शुभारंभ असो, निवडीचा सत्कार असो की साखरपुडा, पुष्पगुच्छ घरी येतोच. त्यात पुष्कळदा लिली असते: सहा पाकळ्यांचं, भोंग्यासारखं मोठं, पांढरं, गुलाबी किंवा पिवळं फूल आणि मधोमध तपकिरी-केशरी पराग. ही लिली आणि नर्सरीत मिळणारी डे लिली, दोन्ही मांजराच्या मूत्रपिंडावर घाला घालतात. पान, पाकळी, पराग, इतकंच काय, फुलदाणीतलं पाणीसुद्धा विषारी. सुरुवातीला काही तासांत उलटी, लाळ, सुस्ती दिसते. मग मांजर जरा बरं वाटल्यासारखं करतं आणि आपण फसतो. एक ते तीन दिवसांत मूत्रपिंड निकामी होतं. पहिल्या १८ तासांच्या आत सलाईन सुरू झालं तर वाचण्याची आशा चांगली असते, नंतर ती झपाट्याने कमी होते. त्यामुळे मांजर असलेल्या घरात लिलीचा गुच्छ आत नेऊच नये.

नावाचा घोटाळा मात्र समजून घ्यावा. पावसाच्या सरीबरोबर फुलणारी छोटी लिली वेगळी. तिच्याने मूत्रपिंड जात नाही, पण तिचा कांदा विषारी असतो. पीस लिली ही तर मुळात अळूच्या कुळातली.

मनी प्लांट आणि अळूची खाज

अळूचं फदफदं करताना चिंच का घालतात हे घरच्या बायकांना पक्कं ठाऊक असतं: घसा खवखवू नये म्हणून. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात. मनी प्लांट, डिफेनबेकिया आणि पीस लिली याच कुळातली. मांजरानं पान चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते, खाणं बंद होतं. सहसा जीव जात नाही, पण हाल होतात. मनी प्लांट ठेवायचाच असेल तर वेल खाली लोंबू देऊ नये. हलणारी वेल म्हणजे मांजराला खेळणं.

जुनी झाडे म्हणून निर्धास्त राहू नये

कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, यांचं विष हृदयावर चालतं. मांजरच काय, गाय, म्हैस, शेळी आणि लहान मूल, सगळ्यांनाच त्याचा धोका. पाला वाळला तरी विष जात नाही. म्हणून छाटलेल्या फांद्या गोठ्याकडे किंवा वैरणीजवळ कधीही टाकू नयेत. पानफुटीतही हृदयावर परिणाम करणारं विष असतं. सदाफुलीपासून कर्करोगावरची औषधं निघाली, पण ते झाड खायला विषारीच आहे. कोरफड आपण औषध म्हणून वापरतो, मांजराला तिने उलट्या-जुलाब होतात. बंगल्यांच्या दारात शोभेला लावतात तो सायकस पामसारखा दिसतो, पण पाम नव्हे. त्याने मांजराचं आणि कुत्र्याचं यकृत निकामी होतं, बी तर फारच घातक.

मग लावावे काय?

पुढील झाडे मांजराला विषारी नाहीत आणि त्यांची निगाही सोपी आहे.

१. मोगरा, जाई, जुई – ऊन असलेली जागा हवी. थंडी सरता सरता मोगऱ्याची छाटणी केली की उन्हाळ्यात कळ्या भरपूर येतात.

२. गुलाब – याचे काटे संभाळावे लागतात, विष नाही.

३. झिनिया – बी टाकले की उगवते, भरपूर फुलते.

४. अरेका पाम – पोर्चमधल्या उजेडाच्या सावलीत छान वाढतो. सायकसच्या जागी हा आणावा.

५. स्पायडर प्लांट – हिरवी-पांढरी पट्ट्यांची पानं. आपोआप पिलं देतो, शेजारीपाजारी वाटता येतो. मांजराला हा फार आवडतो, म्हणून टांगून ठेवावा.

६. बोस्टन फर्न – न्हाणीघराजवळच्या ओलसर सावलीत टिकतो.

७. सब्जा – वासही चांगला, बीही कामाला येतं.

यांपैकी कुठलंही झाड पोटभर खाल्लं तर एखादी उलटी होऊ शकते. तेवढ्याने घाबरू नये. आणि मांजरासाठी एका पसरट कुंडीत मूठभर गहू पेरावेत. आठवड्याभरात कोवळी पाती येतात. त्याला स्वतःचं गवत मिळालं की आपल्या झाडांना ते कमी त्रास देतं.

निगा

दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट पुरतं. प्रेसमड पूर्ण कुजलेलंच घ्यावं, ताजं तापतं आणि मुळं भाजतं. पाणी देताना उसाची सवय विसरावी. पाट फोडल्यासारखं पाणी दिलं तर कुंडीतली मुळं कुजतात. बोट मातीत घालून बघावं, वरचा थर कोरडा लागला तरच पाणी द्यावं. फर्नची माती मात्र ओलसर ठेवावी. कुंडीच्या तळाला भोक हवंच. उसासाठी आणलेल्या दाणेदार कीडनाशकाची चिमूट कुंडीत टाकण्याचा मोह टाळावा. मांजर मातीत पाय घालतं आणि मग तेच पाय चाटतं.

मांजरानं विषारी झाड खाल्लं तर

मिठाचं पाणी, तेल किंवा दूध पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नये. घरातली गोळी देऊ नये. तोंडात पान अडकलं असेल तर काढावं, अंगाला पराग लागले असतील तर ओल्या फडक्यानं पुसावेत. आणि त्या झाडाचं पान किंवा फूल पिशवीत घालून मांजरासह लगेच पशुवैद्यकाकडे जावं. झाड कोणतं हे कळलं की डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो. लिलीच्या बाबतीत "सकाळपर्यंत बघू" म्हणू नये, कारण सकाळपर्यंत उपचाराची वेळ हातची गेलेली असते.

थोडक्यात, लिली घरात नको, कण्हेर-सायकस दारात नको, मनी प्लांट उंचावर, आणि पोर्चमध्ये मोगरा, अरेका पाम व गव्हाची एक कुंडी. एवढं केलं तरी दाराची शोभा राहील आणि धान्याचा राखणदारही राहील. नर्सरीत झाडाचं नाव विचारल्याशिवाय कुंडी गाडीत ठेवू नये, ही विनंती.