पाच लाखांची ओळ

कारभार महापालिकेचा : लेखांक ६

मिळकतकराचे बिल कसे वाचायचे ते आपण गेल्या आठवड्यात पाहिले. बिल भरून झाले की पुणेकराच्या तोंडी एक प्रश्न हमखास येतो. पैसे घेताना तुम्हाला आमचे घर बरोबर सापडते, मग ते खर्च करताना आम्हाला कोणी विचारते का? विचारतात. २००६ पासून विचारत आले आहेत. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, गणपतीच्या धामधुमीच्या आगेमागे, पुणे महापालिका पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पासाठी नागरिकांकडून कामे मागवते. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते, संकेतस्थळावर अर्ज चढतो, क्षेत्रीय कार्यालयांत छापील अर्ज मिळतो. बहुतेकांच्या हे कानावर येते तेव्हा मुदत संपलेली असते.

आयुक्त नितीन करीर यांच्या काळात हा प्रयोग सुरू झाला. कल्पना मुळात ब्राझीलची. पोर्तो अलेग्रे या शहरात १९८९ मध्ये वस्त्यावस्त्यांतून सभा भरू लागल्या. लोक जमायचे, भांडायचे, आधी गटार की आधी शाळा हे ठरवायचे, आपले प्रतिनिधी निवडायचे आणि ते प्रतिनिधी पालिकेशी वाटाघाटी करायचे. पुण्यात आली ती या सगळ्याची कागदी आवृत्ती. सभा नाही, मतदान नाही, कामांचा क्रम लावणे नाही. तुम्ही अर्ज भरायचा, निवड अधिकाऱ्यांनी करायची. या फरकाचा परिणाम मोठा होतो, त्यावर पुढे बोलू. आधी अर्जातले काम काय असते ते पाहू.

एका कामाची मर्यादा पाच लाख रुपये. पदपथाची डागडुजी, बसथांबा, रस्त्यावरचे दिवे, सार्वजनिक शौचालयाची दुरुस्ती, उद्यानातली बाके, पावसाळी गटाराची जाळी, गतिरोधक अशी कामे यात बसतात. उड्डाणपूल बसत नाही, नवी जलवाहिनी बसत नाही. गंमत अशी की २००६ मध्येही मर्यादा पाच लाखांचीच होती. तेव्हाचे पाच लाख आणि आजचे पाच लाख यांत किती अंतर आहे ते घर बांधणाऱ्या कोणालाही विचारा. त्यात आता कर आहे. कामाच्या कंत्राटावरचा १८ टक्के जीएसटी याच मर्यादेत धरला, तर प्रत्यक्ष कामाला सव्वाचार लाखही उरत नाहीत.

आणि एकूण रक्कम? आयुक्तांनी मार्च २०२५ मध्ये मांडलेला २०२५-२६ चा अर्थसंकल्प १२,६१८ कोटींचा होता. शहरात आता ४१ प्रभाग आहेत. हात सैल सोडून प्रत्येक प्रभागाला नागरिकांच्या कामांसाठी एक कोटी मिळाले असे धरले, तरी होतात ४१ कोटी. म्हणजे रुपयातल्या एका पैशाचा जेमतेम तिसरा हिस्सा. एवढ्याला लोकसहभाग म्हणून मिरवावे का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. मला स्वतःला ही रक्कम लाजिरवाणी वाटते. तरीही अर्ज भरावा असे मी सांगतो. या अर्जाखेरीज सामान्य माणसाचे काम अर्थसंकल्पाच्या पुस्तकात स्वतंत्र ओळ म्हणून, बजेट कोडसकट छापले जाण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही. नगरसेवकाला भेटून काम होते, नाही असे नाही. पण ते त्याच्या ‘स’ यादीतून, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीतून, होते आणि काम झाले की कोपऱ्यावर ‘यांच्या संकल्पनेतून’ असा फलक उभा राहतो. नागरिकांच्या अर्जातून झालेल्या कामावर कोणाचाच फोटो नसतो, हा त्याचा एक फायदाच समजा.

आता अर्ज कसा लिहावा. लोक लिहितात, ‘आमच्या भागातील रस्त्यांची दुरवस्था झाली असून तातडीने सुधारणा करावी.’ हा अर्ज तिथेच मेला. तो क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याच्या, म्हणजे जेईच्या, टेबलावर जातो आणि जेईला त्यातून एस्टिमेट काढता येत नाही. त्याला हवी असते जागा, लांबी, रुंदी आणि कामाचा प्रकार. तोच अर्ज असा लिहून पाहा: ‘शाळेच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत डाव्या बाजूचा पदपथ, अंदाजे ६० मीटर. फरश्या उखडल्या आहेत, दोन ठिकाणी चेंबरचे झाकण पदपथापेक्षा वर आले आहे, महावितरणचा डीपी बॉक्स मध्ये असल्याने मुले रस्त्यावर उतरून चालतात. फरश्या बसवणे, झाकणे समपातळीत आणणे, कडेचे दगड बसवणे.’ सोबत तीन फोटो. जेई एका बिगाऱ्याला टेप धरायला लावून अर्ध्या तासात मोजणी करील, दरसूचीतले दर लावील आणि त्याचा आकडा तयार होईल. डीपी बॉक्स हलवायचा असेल तर ते काम महावितरणचे, हे ओघाने त्याच वेळी कळेल आणि तेवढा भाग वेगळा काढता येईल. एका अर्जात एकच काम घाला. दिवे विद्युत विभागाकडे, झाडे उद्यान विभागाकडे, गटार मलनिःसारणाकडे. तिन्ही एका कागदावर आली की कागद तीन टेबले फिरतो आणि तिसऱ्यावर थांबतो.

अर्ज फेटाळला जाण्याची कारणे ठरलेली आहेत. पहिले, जागा पालिकेची नाही. सोसायटीच्या आतला रस्ता तुम्हाला सार्वजनिक वाटतो, पालिकेला वाटत नाही. समाविष्ट गावांत हे दुखणे जास्त आहे. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे हद्दीत आली (उरुळी देवाची आणि फुरसुंगी नंतर पुन्हा बाहेर पडली). धायरी, आंबेगाव, वाघोली, मांजरी या बाजूंना रोज हजारो माणसे ज्या रस्त्याने जातात, तो रस्ता कित्येकदा सातबाऱ्यावर अजून कोणाच्या तरी नावावर असतो. पालिका तिथे डांबर टाकायला कचरते, कारण उद्या मालक मोबदला मागत कोर्टात जाईल. अशा ठिकाणी पाच लाखांच्या अर्जाआधी रस्ता ताब्यात आला आहे का, एवढे क्षेत्रीय कार्यालयात विचारून घ्यावे. कॅम्प आणि खडकीत राहणाऱ्यांनी तर हा अर्ज भरूच नये. तिथे कटक मंडळाचा कारभार आहे आणि त्या खर्चावर पालिकेचा हात चालत नाही.

दुसरे कारण, काम आधीच कुठल्या तरी मोठ्या प्रकल्पात आहे. समान पाणीपुरवठ्याची खोदाई व्हायची असलेल्या रस्त्यावर नवा पदपथ मागितला तर जेई ‘प्रस्तावित काम’ असा शेरा मारतो. हा शेरा खरा असू शकतो, सोयीचाही असू शकतो. कोणत्या वर्षात, कोणत्या कोडखाली प्रस्तावित आहे, असे विचारले की दोन्हींतला फरक कळतो.

समजा, अर्ज टिकला. तो क्षेत्रीय कार्यालयातून प्रभाग समितीपुढे जातो. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांना प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. पुण्यातली पंधरा क्षेत्रीय कार्यालये आणि त्यांच्या समित्या त्याच घडीतल्या. मात्र मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते आणि जवळपास चार वर्षे प्रभाग समितीचे, स्थायी समितीचे, सर्वसाधारण सभेचे सगळे अधिकार आयुक्तांच्या एकाच खुर्चीत होते. त्या काळात नागरिकांचे अर्ज मागवणे थांबले नाही, पण ते कोणासमोर मांडायचे तो मंच नव्हता. आता नगरसेवक आहेत. ज्यांनी अर्ज भरला त्यांनी प्रभाग समितीच्या बैठकीची तारीख विचारून ठेवावी आणि आपल्या कामाला हरकत कोण घेतो ते नगरसेवकाकडून माहीत करून घ्यावे. शिवाय क्षेत्रीय कार्यालयात मोहल्ला समितीची बैठक होते. तिथे नागरिकाला स्वतः उभे राहून बोलता येते. अधिकारी कंटाळलेले असतात, चहा येतो, कोणीतरी भटक्या कुत्र्यांवर वीस मिनिटे बोलते. तरी जावे. इतिवृत्तात तुमच्या कामाचा उल्लेख करून घ्यायचा एवढाच त्या संध्याकाळचा हेतू ठेवावा.

पोर्तो अलेग्रेतल्या सभेचे आपल्याकडचे रूप म्हणजे क्षेत्रसभा. २००९ मध्ये महापालिका कायद्यात तिची तरतूद झाली. काही मतदान केंद्रांचा मिळून एक भाग, त्यातले सगळे मतदार सभासद, नगरसेवक अध्यक्ष, आणि त्या सभेने कामांची यादी करून पाठवायची. ग्रामसभेसारखेच, शहरात. राज्यातल्या शहरांत ती बहुतांशी कागदावर राहिली. ती भरत असती तर एकाच गल्लीतून नऊ जणांनी नऊ वेगवेगळ्या बाकांची मागणी केली नसती. नऊ जण आधी एकमेकांशी भांडले असते, मग एका पदपथावर एकमत झाले असते. आजच्या पद्धतीत ती निवड अभियंता करतो आणि अभियंता स्वाभाविकपणे जे काम सोपे, ज्याचे एस्टिमेट तयार, ते उचलतो. म्हणून बाके इतकी दिसतात. एका सोसायटीतून वीस जणांनी एकाच कामाचे अर्ज वेगवेगळे देऊन काही साधत नाही. वीस सह्यांचा एक अर्ज, मोजमापासह, हाच सध्या आपल्या हातातला क्षेत्रसभेचा पर्याय आहे.

आयुक्तांचा अर्थसंकल्प जानेवारीत यावा अशी अपेक्षा असते, अलीकडे तो मार्चमध्ये येतो आहे. तो संकेतस्थळावर मिळतो. नागरिकांनी सुचवलेली कामे त्यात क्षेत्रीय कार्यालयांनुसार स्वतंत्र दिलेली असतात. आपली ओळ शोधा, कोड लिहून घ्या. इथे बरेच जण सुटकेचा निःश्वास टाकतात आणि इथूनच पैसे वाहून जायला सुरुवात होते.

ओळ छापली म्हणजे तरतूद झाली. खर्च व्हायला निविदा लागते, वर्क ऑर्डर लागते आणि हे सगळे ३१ मार्चच्या आत. त्या तारखेला न वापरलेली तरतूद लॅप्स होते, पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. मधे आचारसंहिता येते. २०२४-२५ या एकाच आर्थिक वर्षात लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुकांच्या आचारसंहिता आल्या आणि नव्या वर्क ऑर्डर दोनदा अडकल्या. दुसरा धोका वर्गीकरणाचा. महापालिकेच्या बोलीत वर्गीकरण म्हणजे एका कामाची तरतूद काढून दुसऱ्या कामाला देणे. वर्षाच्या उत्तरार्धात वर्गीकरणाचे प्रस्ताव धडाधड येतात. ज्या कामाची चौकशी कोणी करत नाही, त्याचे पैसे सर्वांत आधी हलतात. तुमच्या पदपथाचे साडेचार लाख एखाद्या कमानीत गेले, तर त्याची स्वतंत्र चिठ्ठी तुमच्या घरी येत नाही.

म्हणून सप्टेंबरनंतर फाइल पाहायला जावे. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्जही लागत नाही. सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकाला अभिलेख पाहू देण्याची पद्धत पुणे महापालिकेत आधीपासून होती आणि नोव्हेंबर २०१८ च्या शासन आदेशाने ती राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू झाली. कोड सांगा, फाइल मागा. फाइलमध्ये तीन कागद पाहायचे. एस्टिमेटला तांत्रिक मंजुरी मिळाली का, वर्क ऑर्डर कोणत्या तारखेची आहे आणि काम झाले असेल तर एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका. एमबीत ६० मीटरचा पदपथ ६० मीटरच लिहिलेला आहे का, हे घरून टेप नेऊन तपासता येते. शंका आलीच तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करा. २००५ च्या त्या कायद्यात झालेल्या कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याचा हक्कही आहे. हे फार थोड्यांना माहीत असते आणि ठेकेदाराला कळले की कामाची प्रत आपोआप सुधारते.

यंदाचे अर्ज निघतील तेव्हा मुदत पाहून भराच. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, ऑनलाइन भरला तर अर्ज क्रमांकाचा फोटो काढून ठेवा.

पुढच्या लेखात जन्मदाखला, विवाह नोंदणी अशा सेवा. लोकसेवा हक्क कायद्याने त्यांना मुदत घातली आहे आणि ती चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपील कोणाकडे आणि कधी करायचे ते तिथे पाहू.